बुधवारची भाषा

खरं सांगते, घसा फोडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. शपथ घेऊ नये असं बायबलात लिहिलंय म्हणून घेत नाही, नाहीतर एकदा सोडून सात वेळा घेतली असती, आकाशाची, पृथ्वीची, माझ्या डोक्यावर उरलेल्या चार केसांची. माझी नात म्हणते, आजीची गोष्ट ऐकली की आधी चाराने भागायची. आमच्या न्हाणीघरात सर्कशीतली मगर आठवडाभर पाहुणी होती, ती गोष्ट तिने भागली आणि पाल शिल्लक राहिली. भागू दे. पण ही भागू नका. ही पूर्ण घ्या.

त्या बुधवारी प्रार्थनेत चार वाजून वीस मिनिटांनी वन्सं डोळे मिटूनच म्हणाल्या, "प्रभू म्हणतो, हे घर मी बांधलंय. माझ्या घराला हत्यार लावू नका. दुरुस्ती करायची तर मी करीन." मग त्यांनी डोळे उघडले, पदराने ओठ टिपले आणि बाजारातून काय आणायचं ते सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत ना सगळ्यांनी? आता मी ते ऑपरेशन करणार नाही." बेकरीवाली "हालेलुया" म्हणाली, पण तिचं शेवटचं 'या' अर्ध्यातच गळून पडलं. घड्याळवाल्या भाऊंनी मनगटाकडे पाहिलं. ते घाबरले की वेळ बघतात, निम्मं आयुष्य त्यांनी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलंय. आणि मी, मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले, कारण हत्याराचा हा जो निरोप आला होता तो माझ्या तोंडून आला होता, आणि माझ्या तोंडून काय आलं होतं हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. बाहेर लिफ्टचं दार लागलं. कुणीतरी आमच्या मजल्यावर उतरलं आणि चालत गेलं. मी ती पावलं मोजली. दुसरं काय करणार?

ज्यांनी अशी प्रार्थना बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही सहा-सात जण दर बुधवारी आमच्याच पुढच्या खोलीत जमतो. गाणी होतात, वाचन होतं, मग एकेकाचा आवाज चढत जातो आणि कुणा एकाच्या तोंडून अन्य भाषा यायला लागते. म्हणजे अशी भाषा जी त्याने कधी शिकलेली नसते, खोलीतल्या कुणालाच येत नसते. लोक म्हणतात तो आत्मा बोलतो. ती थांबली की सगळे गप्प बसतात, आणि ज्याला दान असेल तो आपल्या साध्या बोलीत तिचा अर्थ सांगतो. आमच्यात अर्थाचं दान एकट्या वन्संना. मला त्याचं नवल कधीच वाटलं नाही. बाईने चौतीस वर्षं टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला यंत्र लावून, समोर शंभर भोकं, हातात दोरी. कुणीतरी कुठून तरी हाक मारतंय आणि आपण दोरी उचलून बरोबर भोकात खुपसायची, एवढंच त्यांचं काम होतं. अर्थ सांगतानाही त्यांचा उजवा हात किंचित वर यायचा आणि बोटं चिमटीत मिटायची. दिली जोडून.

आणि माझं काम अगदी उलटं. मी लघुलेखिका. साहेब बोलणार, मी लिहिणार. अर्थाशी माझा संबंध नाही. एका साहेबाने एकदा झोपेत निम्मं पत्र सांगितलं, मी घोरण्यासकट उतरवून घेतलं आणि टाइप करून सहीला ठेवलं. त्याने सही केली. (हे खरं आहे. चाराने भागलंत तरी सही उरेल.) तर आम्हाला लघुलेखनाच्या वर्गात पहिले तीन महिने नुसत्या खुणा घोकायला लावायचे. बाई पट्टी आपटायच्या आणि आम्ही चाळीस मुली एका सुरात, पे बे ते दे, चे जे के गे, फे वे थे धे, से झे शे. सरळ म्हणा, उलट म्हणा, एक सोडून एक म्हणा. झोपेत म्हणायचो. माझं लग्न ठरलं त्या दिवशी सुद्धा बघायला आलेल्या माणसांसमोर मी मनात गे के जे चे म्हणत बसले होते, नाहीतर हसू फुटलं असतं.

आता कळलं असेल. अकरा वर्षं दर बुधवारी माझ्या तोंडून जी अन्य भाषा वाहत होती, ती ही.

मला फसवायचं नव्हतं हो. म्हणजे खोटं बोलायला मला आवडतं, नाही कशाला म्हणू, पण ते खोटं हसवायचं असतं. मगर, सर्कस, अशा कामाचं. हे तसं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी हे गेले. हे म्हणजे माझा नवरा, वन्संचा धाकटा भाऊ. वन्संनी त्याला आईविना वाढवलेला, आणि मी आले आणि त्याला घेऊन गेले, असा साधा हिशेब होता त्यांचा. तीस वर्षं त्यांनी मला नावाने हाक मारली नाही, वहिनी म्हटलं नाही, काही नाही. "त्याच्या बायकोला विचारा." "त्याच्या बायकोने मीठ जास्त टाकलंय." मी समोर ताट वाढत उभी, आणि त्या भिंतीला सांगणार. तो गेला तेव्हा मला वाटलं, आता मी कुणाची बायको म्हणून उरणार? पण त्या आपली पेटी घेऊन माझ्याकडे राहायला आल्या. का आल्या ते बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. दोन बायका, एक खोली रडायला आणि एक खोली न रडायला. चहा करायचा, कप टेबलावर ठेवायचा, तो उचलला जायचा. दोन महिन्यांनी म्हणाल्या, "बुधवारी मंडळी येणार आहेत. बसायचं तर बसावं." कोणाला म्हणाल्या ते कळेना, खोलीत मी एकटीच होते म्हणून मी बसले.

त्या दिवशी सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. पाच हात. माणसाच्या हाताला वजन असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बेकरीवालीच्या हाताला पिठाचा वास, भाऊंच्या हाताला घड्याळाच्या तेलाचा, आणि टाळूवर अगदी मधोमध एक हात कोरडा, हलका. तो वन्संचा. तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला होता. आणि सगळे म्हणत होते, मागा, उघडा, सोडा, येऊ द्या. काय येऊ द्यायचं? माझ्या घशात नुसतं ऊन पडलं होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. गुडघे बोलायला लागले. भाऊंना खोकला लागला तरी ते हात काढीनात. ही सगळी माणसं माझ्यासाठी घाम गाळतायत आणि मी आपली बंद पडलेल्या नळासारखी. मला त्यांची दया आली. खरं सांगते, देवाची नाही, त्यांची. आणि टाळूवरचा तो हात आता उचलला जाणार, आता उचलला जाणार, असं वाटत राहिलं. तेवढ्यात कुठून कोण जाणे, डोक्यात वर्गातल्या बाईंची पट्टी आपटली. गे के जे चे दे ते बे पे. आधी पुटपुटले. मग जीभ सुटली, खुणा एकमेकींत मिसळल्या, से झे शे वर सूर चढला, आणि खोलीत एकच रडारड. बेकरीवाली नाचली, तिच्या वजनाने खालच्या मजल्यावरचा दिवा हलला म्हणे. आणि वन्सं खाली बसल्या, माझं डोकं आपल्या छातीशी ओढलं आणि म्हणाल्या, "पोरी. आलीस गं पोरी."

पंचावन्न वर्षांची होते मी. मला पोरी म्हणणारं तेव्हा जगात कुणी उरलं नव्हतं.

आता सांगा, त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगायचं, की वन्सं, ती लघुलेखनाची बाराखडी होती? पुढच्या बुधवारी सांगू म्हटलं. पुढच्या बुधवारी त्यांनी माझ्या केसांना तेल लावलं. त्याच्या पुढच्या बुधवारी त्यांनी मला यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली, की हा सात वर्षांचा असताना एक्स्चेंजमध्ये येऊन टेबलाखाली झोपायचा आणि कुणाच्याही फोनवर मधेच त्याचं घोरणं ऐकू जायचं. इतकी सुंदर थाप मला सुद्धा सुचली नसती, आणि ती खरी होती. असे बुधवार साठत गेले. घरात भांडणं सुरू झाली. टॉवेल कुणाचा, खिडकी किती उघडायची, साखर कोण लपवतं. भांडणाशिवाय दोन माणसं एका घरात राहतात ती पाहुणी असतात. आम्ही आता पाहुण्या नव्हतो. आणि या सगळ्याच्या मुळाशी पे बे ते दे. अधूनमधून प्रार्थनेत डोळे किलकिले करून मी बाकीच्यांकडे बघायची. यांचं खरं असेल का? वन्संचं तर खरंच असावं. त्या बोलायला लागल्या की आवाज बदलायचा. खूप लांबच्या गावाहून आलेला फोन कसा समुद्रातून आल्यासारखा लागतो, तसा. ते ऐकताना माझ्या दंडावर काटा यायचा, आणि पाठोपाठ लाज. खऱ्या दागिन्यांच्या पेटीत माझा एक पितळेचा.

आणि आता तो पितळेचा दागिना त्यांच्या गळ्यात अडकला होता.

झालं होतं असं, की त्यांना जिना चढवेना. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बसल्या त्या बसल्याच, ओठ निळे. डॉक्टरीण म्हणजे केसांची शेपटी बांधलेली एक पोरगी, आम्ही तिला शेपटीच म्हणायचो. तिने कागदावर हृदय काढून दाखवलं. झडप अरुंद झालीय, दार नीट उघडत नाही. बदलायला हवी. "आजी, वय एकोणऐंशी आहे, पण बाकी तब्येत चांगली आहे. केलं तर पुष्कळ चांगले दिवस आहेत. नाही केलं तर वर्षही सांगता यायचं नाही." वन्संनी विचारलं, "छाती उघडणार?" शेपटी म्हणाली, "हो." वन्सं म्हणाल्या, "हं." येत्या शुक्रवारच्या पुढचा शुक्रवार ठरला. आणि मधल्या पहिल्याच बुधवारी माझ्या तोंडून गे के जे चे, आणि त्यांच्या तोंडून हत्यार लावू नका.

लघुलेखनात स्वर लिहीत नाहीत, तुम्हाला माहीत नसेल. वेळ नसतो. नुसती व्यंजनं ओढायची आणि मागाहून वाचताना स्वर आपण भरायचे, पुढचं मागचं बघून. एकाच खुणेचं काहीही होऊ शकतं. चांगली लघुलेखिका ती, जी साहेबाला काय म्हणायचं होतं तेच भरते. त्या दिवशी कपबशा विसळताना मला ते आठवत राहिलं. मी नुसत्या रेघा ओढल्या होत्या. स्वर वन्संनी भरले. पण रेघाच नसत्या तर?

बोलायला हवं होतं. बोलले तर अकरा वर्षं जाणार. पुन्हा 'त्याची बायको', आणि आता तर तोही नाही, म्हणजे त्याहून कमी. नाही बोलले तर वन्संच जाणार. कप पुसला, पुन्हा विसळला. शेजारच्या खोलीतून त्यांचा श्वास येत होता, एक लांब, दोन तोकडे, मधे थांबून एखादी पायरी शोधल्यासारखा. माझी मान त्या लयीत हलायला लागली. गुरुवारी बोलले नाही. शुक्रवारी दुपारी, त्या शेंगा निवडत बसल्या असताना, समोर जाऊन उभी राहिले.

"वन्सं, मला एक सांगायचंय. माझी भाषा खोटी आहे."

"कुठली?"

"बुधवारची. मला कधी आलीच नाही. ते सगळं मी बनवते."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, आणि हसल्या. हसताना धाप लागली तरी हसल्या. "आणि त्या मगरीचं काय झालं शेवटी? गेली का न्हाणीघरातून?"

"वन्सं, थट्टा नाही."

"अगं, देवाला तरी सोड तुझ्या गोष्टींतून."

जन्मभर थापा मारल्याची शिक्षा कशी मिळते बघा. एकदा खरं बोलले तर तीच थाप. मग मी आत गेले, कपाटाच्या तळातून ते जुनं पुस्तक काढलं, पानं पिवळी, कडेला माझ्याच अक्षरात साहेबांची व्यंगचित्रं. त्यांच्या समोर धरलं. बोट ठेवून म्हणून दाखवलं, सरळ, मग उलट, मग एक सोडून एक, मग बुधवारच्या सुरात. खिडकीवरचं कबूतर उडून गेलं. वन्संचा हात शेंगांत तसाच राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं जागच्या जागी थंड झालं, जसा चहा होतो. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी पण?"

"हो."

"मी तुला जवळ घेतलं तेव्हा पण?"

"तेव्हा तर जास्तच."

त्यांनी एक शेंग मोडली. दाणे बशीत टाकले, साल दुसरीकडे. दुसरी शेंग. "देव गाढवाच्या तोंडून सुद्धा बोललाय," त्या शेवटी म्हणाल्या. "बायबलात आहे. गाढवाला काय ठाऊक होतं तो काय बोलतोय? अर्थ आला तो आला. ऑपरेशन होणार नाही." आणि भिंतीकडे बघून, "दाणे शिजायला टाकायचे असतील तर टाकावेत."

भिंतीकडे बघून. मला रडू आलं नाही, राग आला. गाढव म्हटल्याचा नव्हे. गाढव चांगलं असतं, ओझं वाहतं. पुढचे चार दिवस त्या भिंतीशी बोलल्या आणि मी भिंतीच्या वतीने उत्तरं दिली. "भिंत म्हणते, गोळी घेतली का?" "भिंत म्हणते, जिना चढू नका, लिफ्ट येईल." एकदा त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. पण सकाळी केस विंचरताना मधेच हात खाली टाकून त्या आरशात नुसत्या बघत बसायच्या. मी दारातून बघायची. पांढरी वेणी अर्धी घातलेली, अर्धी सुटी. आत जाऊन पुरी करून द्यावी असं वाटायचं आणि पाय उंबऱ्याशी थांबायचे. इतक्या वर्षांत त्या दाराला उंबरा आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग बुधवार उजाडला, शुक्रवारच्या आधीचा शेवटचा, आणि मी ठरवून टाकलं. खोट्यानेच अडकवलंय तर खोट्यानेच सोडवायचं. अर्थ सांगायचं दान वन्संचं, पण वन्सं स्वतः अन्य भाषेत बोलतील तेव्हा अर्थ कोण सांगणार? आजवर अशा वेळी सगळे थोडा वेळ थांबायचे आणि कुणीच काही न बोलल्यावर भाऊ गाणं सुरू करायचे. आज मी बोलणार होते. सकाळपासून वाक्य तयार करत होते, साहेबांच्या महत्त्वाच्या पत्रासारखं. 'लेकरा, भिऊ नको. वैद्याचा हात माझाच हात आहे. जा.' छोटं, भारदस्त, 'लेकरा' मुद्दाम. तीनदा मनात टाइप केलं. चूक एक नाही. देवाच्या वतीने सही करायची तेवढी बाकी. मी स्वतःला म्हटलं, वर गेल्यावर बघून घेऊ; तिथे सुद्धा कुणीतरी लिहून घेणारी लागतच असेल.

गाणं झालं. भाऊंनी वाचलं. बेकरीवालीने तिच्या लेकाच्या नोकरीसाठी मागितलं. मग वन्संचा आवाज. आधी श्वासासारखाच तुटक, मग त्या आवाजाला कुठून तरी जोर आला, आणि ती लांबची भाषा खोलीत उतरली. मी नेहमीसारखी मान खाली घातली नाही. बघत राहिले. गळ्याची शीर उडत होती. तोंडातून येणारं ते काय होतं मला माहीत नाही, पण त्यात विनवणी होती, एवढं लघुलेखिकेला सुद्धा कळतं. माणूस मागतोय की सांगतोय हे शब्दांआधी आवाजात कळतं. माझी बोटं मांडीवर आपोआप रेघा ओढायला लागली. रेघा वाढत गेल्या, मग विरळ झाल्या, मग थांबल्या.

भाऊ गाण्यासाठी घसा साफ करणार एवढ्यात मी उभी राहिले. गुडघे असे वाजले की बेकरीवालीने डोळे उघडले. "मी सांगते," मी म्हटलं. आणि वन्संनी तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे मिटलेले. हनुवटी थोडी वर. घास भरवायला आपण चमचा पुढे केला की लहान मूल कसं बघतही नाही, नुसतं तोंड उघडतं, तसा तो चेहरा. चार दिवस भिंतीशी बोलणारी ही बाई, मी खोटारडी आहे हे पुस्तक उघडून दाखवलेलं असताना, माझ्याकडे अशी वळली होती.

वाक्य तयार होतं. 'लेकरा' पर्यंत आलं. आणि अडकलं. मी, जिने तिकीट तपासणाऱ्याला आपण त्याची हरवलेली मावशी आहोत असं पटवून दिलं होतं, तिची जीभ टाळूला चिकटली. देवाची भीती वाटली म्हणाल तर तसं नाही. त्या चेहऱ्यात खोटं टाकायला जागाच नव्हती.

"अर्थ मला कळला नाही," मी म्हटलं. "मी खोटा सांगणार होते. मागच्या बुधवारचा पण खोटा होता, म्हणजे माझ्याकडची बाजू खोटी होती. मला भाषा येत नाही. अकरा वर्षं मी ऑफिसची बाराखडी म्हणतेय." भाऊंनी मनगटाकडे पाहिलं. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर बसले असते. "देवाला काय म्हणायचंय ते मला ठाऊक नाही, वन्सं. मला काय म्हणायचंय ते ठाऊक आहे. मला तुम्ही हव्यात. साखर लपवायला हव्यात. तुम्ही सकाळी खिडकी उघडता आणि मी लावते, त्यासाठी हव्यात. तुमचा भाऊ गेला तेव्हा मी कशीबशी उभी राहिले, कारण तुम्ही पेटी घेऊन आलात. तुम्ही गेलात तर पेटी घेऊन यायला कोण आहे? भिंतीशी बोला, मला गाढव म्हणा, पण छाती उघडून घ्या. ही माझी भाषा. याच्यापेक्षा वेगळी मला येत नाही."

वन्संनी डोळे उघडले. पाणी होतं, पण आवाज चिडका. "एवढं मोठं भाषण त्या बाराखडीत कोंबून अकरा वर्षं बसलीस?" मग पदर बोटाला गुंडाळत, खाली बघत, हळूच, "मला भीती वाटत होती गं. छाती उघडणार म्हणाली ती शेपटी तेव्हापासून. त्या दिवशी तू नुसती शिंकली असतीस ना, तरी मी हाच अर्थ सांगितला असता." आणि मग, "देवाच्या नावावर खपवलं मी. दोघी सारख्याच."

बेकरीवाली हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. भाऊ मात्र गंभीर. ते म्हणाले, "ताई, चाळीस वर्षं घड्याळं केली. न उघडता नीट झालेलं एकही बघितलं नाही. शुक्रवारी किती वाजता निघायचंय?"

"सात," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे हात पुढे केला. "उठव मला, पोरी."

शुक्रवारी सातला सगळी बुधवारची मंडळी हॉस्पिटलच्या बाकावर. बेकरीवालीने पाव आणले ते कुणी खाल्ले नाहीत, नुसते मांडीवर धरून बसलो, गरम होते म्हणून. आत नेण्याआधी वन्संनी दात काढून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "सांभाळ. कुणाला याची गोष्ट करून सांगायची नाही." (सांगितली. त्या मुद्दाम माझ्याच हातात देऊन गेल्या असत्या का, सांगायची नसती तर?) दार मिटलं. पाच तास. भाऊ हळू आवाजात प्रार्थना करत होते, बाजूची एक अनोळखी बाई पण हात जोडून बसली. मी काही मागितलं नाही. ओठ हलत होते एवढं मला कळत होतं. पे बे ते दे, पे बे ते दे. नवी भाषा आली असती तर बरं झालं असतं. आली नाही, तर जी होती तीच म्हटली. शेवटी शेपटी बाहेर आली, टोपीतून तिची शेपटी सुटली होती, आणि अंगठा वर केला. बेकरीवालीने तिला तिथेच पाव भरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घशातली नळी काढल्यावर, मला एकटीला आत सोडलं. वन्सं एवढ्याशा झाल्या होत्या. यंत्रांचे दिवे, दोऱ्याच दोऱ्या, जणू त्यांच्याच एक्स्चेंजमध्ये त्यांना कुणीतरी जोडून ठेवलं होतं. छातीवर पट्टी. छाती मात्र एका लयीत वरखाली, कुठेही न अडखळता. मी मुद्दाम मोजलं. मी हात धरला तशा पापण्या हलल्या, आणि त्या बोलायला लागल्या. घोगरं, बिनदातांचं, औषधाच्या गुंगीतलं, लांबच लांब. बोटं माझ्या हातात चिमटीत मिटत होती, उघडत होती. नर्स वही घेऊन जवळ आली. "आजी काय म्हणतायत? मला एक शब्द कळत नाहीये. कुठली भाषा आहे ही?"

"आमचीच आहे," मी म्हटलं. "त्या म्हणतायत, ही माझी वहिनी कालपासून उपाशी आहे, हिला आधी चहा द्या, साखर दोन चमचे. आणि म्हणतायत, दुखतंय पण सहन होतंय. आणि खिडकी उघडा."

नर्सने वहीत लिहून घेतलं. खिडकी उघडली. चहा आला, साखर दोन चमचे. वन्संनी माझा हात दाबला.

आता एवढं सगळं ऐकलंत तर एक कबूल करून टाकते. बाकीचं खरंच खरं आहे, पण त्या चहाचं, दुखण्याचं, खिडकीचं वन्सं म्हणाल्या, हे मी बनवलं. त्या काय म्हणत होत्या ते मला कळलं नाही, एक अक्षरसुद्धा नाही. पण नर्स पेन उघडून उभी होती, आणि अर्थ सांगायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.